चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

"टिपके गेले की सगळे," मामा म्हणाले. हातातली पुंगळी त्यांनी उलटी करून बुडाकडं बघितलं, मग दुसरी उचलली, मग तिसरी.

"कसले टिपके?" मी विचारलं.

"शाईचे होते. असू दे. डबे वेगळे आहेत तोवर कळतंय. दोन्ही डबे वेगवेगळे घासलेस ना?"

"होय," मी म्हटलं.

खंडेनवमीची सकाळ होती. परसातल्या पायरीवर दोन पत्र्याचे डबे शेजारी शेजारी ठेवलेले, आणि माझ्या हातांना अजून चिंचेचा वास. डबे काही वेगवेगळे घासले नव्हते. दोन्ही एकदम घमेल्यात उपडे केले होते, चिंच-मीठ घालून काथ्यानं खसाखसा घासले होते, उन्हात वाळवले होते आणि परत भरून ठेवले होते. लहान डबा मघाशी काठोकाठ होता म्हणून परत काठोकाठ भरला, आणि उरलेल्या पुंगळ्या मोठ्यात टाकल्या. यात चुकीचं काही आहे हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पण मामांनी विचारलं, आणि माणूस घाबरलं की तोंडातून आधी 'होय' निघतं.

मामा म्हणजे माझे सासरे, सुभेदार रामचंद्र नलवडे. आमच्या भागात सासऱ्याला मामाच म्हणायचं. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनी गडहिंग्लजला घर बांधलं होतं. माझ्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. नवरा फौजेतच, पार आसामात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आम्ही तिघंच, मामा, मी आणि माझी नणंद वैजयंता. वैजूताई माझ्यापेक्षा वर्षानं मोठी, आणि रायफल चालवायची. म्हणजे उगाच हौस म्हणून नव्हे. जिल्ह्यात तिच्यासारखा नेम पुरुषांत कुणाचा नव्हता, आणि हे न आवडणारे पुरुष जिल्ह्यात पुष्कळ होते.

तिची रायफल जुनी, परदेशी बनावटीची. तिची काडतुसं बाजारात कधी मिळायची, बहुतेकदा मिळायचीच नाहीत. म्हणून मामा घरी भरायचे, त्याचा रीतसर परवाना होता त्यांच्याकडं. गोळी सुटली की मागं पितळेची रिकामी नळी उरते, ती पुंगळी. ती पुन्हा मापात आणायची, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवायची, की काडतूस तयार. एवढं मला ऐकून ठाऊक होतं. बाकी मला एकच सांगितलं होतं, तेही घरात आल्या आल्या पहिल्या दिवशी, की माजघरातल्या त्या टेबलाला हात लावायचा नाही. मी लावलाच नव्हता. डबे टेबलाखाली होते.

माझं माहेर आजऱ्याचं. पितळ घासण्यात मला कुणी हरवून दाखवावं, असा माझा तोरा. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं घासूनपुसून पूजेला मांडायची असतात. विळी झाली, कोयता झाला, रायफल मामांनी स्वतः पुसली, मग ह्या काळवंडलेल्या पुंगळ्यांनीच काय घोडं मारलंय, असं मला वाटलं. सासऱ्यांनी एकदा तरी चांगलं म्हणावं, हेही पोटात होतंच. खोटं कशाला सांगू?

आणि मामा म्हणाले ना. "लखलखीत केल्यास बघ," असं म्हणाले, आणि हसले. सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. मग सांगा, त्यानंतर कुठल्या तोंडानं म्हणायचं की डबे एकत्र झालेत?

त्यांची भीती का वाटायची तेही सांगते. मामा कधी ओरडायचे नाहीत, हात उगारणं तर दूरच. ते बोलणं बंद करायचे. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ पलीकडच्या गल्लीत राहायचे. बांधाच्या भांडणात त्यांनी कधीतरी खोटी साक्ष दिली होती. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं मामा त्यांच्या दारावरून रोज दूध आणायला जायचे, आणि दारात उभा असलेला भाऊ त्यांना दिसायचा नाही. चूक केली तर चालतं, खोटं नाही, असं वैजूताईनं मला आल्याबरोबर बजावलं होतं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा त्या टेबलाशी बसले. रविवारी रेंजवर राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, आणि वैजूताईसाठी काडतुसं भरायची होती. मी चहा घेऊन गेले.

"बस की," मामा म्हणाले. "एवढं घासलंस, तर त्याचं काय होतं तेही बघ."

मी स्टूल ओढून बसले. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

टेबलाच्या कडेला लोखंडी दाबयंत्र बोल्टांनी घट्ट बसवलेलं होतं. उसाच्या रसाच्या दुकानात असतो तसा एक लांब दांडा, आणि वर पोलादाचा साचा, त्याला मामा डाय म्हणायचे. त्यांनी बोटाच्या टोकावर चिमूटभर वंगण घेतलं, पुंगळीच्या अंगाला फिरवलं, ती खाली बसवली आणि दांडा ओढला. पुंगळी साच्यात शिरली, बाहेर आली. मला काही फरक दिसला नाही.

"गोळी उडाली की ही आतून फुगते," मामा म्हणाले. "रायफलच्या नळीच्या घरात जाऊन चिकटते. तिला अशी दाबून परत मापात आणायची. वंगण कमी झालं तर साच्यात अडकून बसते, जास्त झालं तर तिच्या खांद्याला पोचे पडतात."

"मग हे कितीही वेळा करता येतं?"

"कसं येईल? दर खेपेला पितळ ताणतं, जरा वर सरकतं. म्हणून तर तोंडाशी लांबी वाढते, ती कापून टाकतो. पण वर सरकलेलं येतं कुठून? खालून, बुडाजवळून. तिथं ते पातळ होत जातं. आतून बारीक कडं पडतं, बाहेरून काही दिसत नाही."

त्यांनी सायकलच्या आऱ्याची एक तार उचलली, टोकाशी वाकवून घासून धार केलेली. ती पुंगळीत घालून त्यांनी हळूच वर ओढली.

"कडं पडलं असलं की तार तिथं अडखळते. नखाला जाणवतं. अशी सापडली की बाद. मी तर तेवढी वाटच बघत नाही. एकदा भरली की बुडाला एक टिपका, सहा टिपके झाले की ती लहान डब्यात. त्या पुन्हा उडवायच्या नाहीत. यंत्र जुळवताना चाचणीपुरत्या ठेवतो."

परसातलं घमेलं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

"आणि चुकून उडवली तर?" मी विचारलं.

"तर अर्ध्यातून तुटते. पितळच तर सगळी आग कोंडून धरतं. ते तुटलं की आग मागं येते. आणि मागं कोण असतं? वैजूचं तोंड. पुंगळीमागं रायफलचा बोल्ट असतो, त्याच्यापासून तिचा डोळा चार बोटांवर असतो."

हे ते अगदी सहज सांगत होते, पीठ कसं मळावं हे मी कुणाला सांगावं तसं. आणि हात मोठ्या डब्यात घालून पुंगळ्या काढत होते, एकीमागून एक.

"मामा," मी म्हटलं.

"बोल."

त्यांनी मान वर केली. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. मला त्यांचा भाऊ आठवला, दारात उभा राहणारा.

"चहा गार होतोय," मी म्हटलं.

ते चहा प्यायले. मी तिथंच बसून राहिले. मग बघितलं तर ते प्रत्येक पुंगळीत तार घालत नव्हते. चार तशाच बाजूला ठेवायच्या, पाचवीत घालायची.

"सगळ्या बघत नाही का?" मी विचारलं.

"ह्या तीनदाच भरलेल्या आहेत. पाचातली एक बघितली तरी पुष्कळ झालं."

मी मनात म्हटलं, देवा, त्यांना एखादी तरी सापडू दे. आपोआप सापडू दे, म्हणजे मला बोलायला नको. आठ वेळा तार आत गेली आणि आठ वेळा सुरळीत बाहेर आली. देव असली कामं करत नाही.

संध्याकाळी मामा बाजारात गेले, तेव्हा मी ती तार घेऊन टेबलाशी गेले. तोवर चाळीस काडतुसं भरून झाली होती. पेटीत उभी करून ठेवलेली, टोकाला गोळ्या बसवलेल्या. आता आत बघायला वाटच नव्हती. तार हातात घेऊन मी नुसती उभी. एकदा वाटलं पेटी उचलावी आणि विहिरीत टाकावी. मग काय सांगणार होते? चोर आला आणि रायफल सोडून काडतुसं तेवढी घेऊन गेला?

शनिवारी मी वैजूताईजवळ विषय काढला. ती ओसरीवर बूट पुसत बसली होती.

"उद्या नाही गेलीस तर नाही का चालणार?" मी म्हटलं.

"वहिनी, दोन वर्षं या दिवसाची वाट बघतेय मी. आणि तू काय अपशकून करतेस?"

"नाही गं. काडतुसं घरी भरलेली, एखादं बिघडलं तर?"

"मामाच्या हातचं?" मामांना ती दादा म्हणायची, पण माझी चेष्टा करताना माझ्यासारखं मामा म्हणायची. "वीस वर्षांत एक बिघडलं नाही. तू पण चल उद्या. भित्री भागूबाई घरी बसून काय करणार? आणि फारच भीती वाटली तर ओरड. रेंजवर नियमच आहे, कुणीही 'थांबा' म्हणून ओरडलं की सगळ्यांनी थांबायचं. चहावाला ओरडला तरी थांबायचं. मग भले काही नसो."

हा नियम तिनं मला सांगायला नको होता. कारण मग मी स्वतःची समजूत घातली. आत्ता कशाला बोलायचं, तिथं जाऊन बघू, वेळ आलीच तर ओरडू. चार दिवस न सांगितलेलं उद्यावर ढकलायला मला जागा मिळाली.

रेंज गावाबाहेर माळावर, डोंगराला तोंड करून. दहा-बारा नेमबाज चटया टाकून पालथे झोपलेले, त्यांच्या मागं दोरी, आणि दोरीच्या मागं आम्ही बघणारे. बाईमाणूस म्हणजे वैजूताई आणि मी. मामा दोरीच्या आत, तिच्या उजव्या अंगाला मांडी घालून बसलेले, डोळ्याला दुर्बीण. आधी नेम जुळवायच्या पाच गोळ्या, मग मोजायच्या वीस.

पहिली गोळी सुटली तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तर वैजूताई जागच्या जागी होती, बोल्ट मागं ओढत होती, आणि पितळेची पुंगळी उडून चटईवर पडली होती. अख्खी.

म्हटलं, एक झाली.

दुसरी. तिसरी. दर वेळी ती गाल रायफलच्या दस्त्याला टेकवायची, श्वास सोडायची, आणि मी श्वास धरायची. शेजारी क्लबचे सेक्रेटरी गुरव मास्तर उभे होते, ते म्हणाले, "सूनबाई, घाम केवढा आलाय तुम्हाला. सावलीत बसा." मी मान हलवली. सावलीत बसले असते तर ती दिसली नसती, आणि मला वाटत होतं मी बघतेय तोवरच ती धड आहे.

पाच झाल्या. मोजायच्या गोळ्या सुरू झाल्या. सहावी, सातवी. मामांनी दुर्बिणीतून बघून बोटानं खूण केली, मधोमध. आठवीही मधोमध. लोक कुजबुजायला लागले, आणि गुरव मास्तर म्हणाले, "ही पोरगी आज सगळ्यांना घरी पाठवणार."

आता ओरडायचं, मी ठरवलं. तोंड उघडलं. मग वाटलं, एवढ्या माणसांत ओरडायचं, तिचा डाव मोडायचा, दोन वर्षं वाट बघितलेला, आणि मामा वळून विचारणार, काय झालं? तर मी काय सांगणार? आणि समजा सगळ्या चांगल्याच निघाल्या तर? नऊ झाल्या की, काही झालं नाही. कदाचित माझं नशीब असेल. कदाचित लहान डब्यात जायच्या त्या लहान डब्यातच गेल्या असतील. दहावी सुटली. अकरावी. दर गोळीला मी म्हणत होते, एवढी जाऊ दे, पुढच्या वेळी ओरडते. वेडी होते का मी? नव्हते. भित्री होते.

बाराव्या गोळीचा आवाज वेगळा आला. मोठा नव्हता, उलट बसका, फसकन. रायफलीच्या बाजूनं धूर निघाला, आणि वैजूताईनं चेहरा बाजूला टाकला.

ती ओरडली नाही. तिनं रायफल हळूच खाली ठेवली, तोंड डोंगराकडंच ठेवून, शिकवलं होतं तसं, आणि मग दोन्ही हातांनी डोळा झाकला. कुणीतरी 'थांबा' म्हणून ओरडलं. सगळ्या रायफली गप्प झाल्या. ओरडणारी मी नव्हते.

मी दोरीखालून शिरून धावले. मामा तिच्यावर वाकले होते. तिच्या चष्म्याची उजवी काच तडकली होती, गालावर बारीक काळे ठिपके, आणि बोटांच्या फटीतून पाणी येत होतं, थोडं लाल. "दिसतंय का? वैजू, दिसतंय का तुला?" मामा विचारत होते. "उघडतच नाहीये," ती म्हणाली. गुरव मास्तरांनी रायफलचा बोल्ट ओढला. बाहेर आलं ते पुंगळीचं बूड, करंगळीच्या पेराएवढं. बाकीची अर्धी आत नळीतच राहिली होती.

मामांनी ते बूड हातात घेतलं. तुटलेली कडा बघितली. मग माझ्याकडं बघितलं, पण ते मला बघत नव्हते.

"माझ्या हातून कशी गेली?" ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, चष्मा होता म्हणून वाचली. पितळेचा एक कण काढला त्यांनी, पट्टी बांधली आणि सांगितलं, गुरुवारी उघडू. नजर किती राहिलीय ते तेव्हा कळेल, आत्ता काही विचारू नका.

ते चार दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. मी स्वयंपाक करायची, ताट वाढायची, वैजूताईच्या उशाशी बसायची आणि गुरुवारची वाट बघायची. तिचा डोळा गेला तर तो मी काढला, हे मला उठता बसता ऐकू यायचं. आणि मामा बोलायचे बंद झाले होते. माझ्याशी नव्हे. सगळ्यांशी, स्वतःशी पण.

मंगळवारी गुरव मास्तर बघायला आले. जाताना ओसरीवर म्हणाले, "सुभेदार, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की हात चुकतो."

"हात नाही चुकला," मामा म्हणाले. "हात गेला."

मास्तर गेले आणि मामा माजघरात आले. पान्हा घेतला, आणि ते दाबयंत्र टेबलाला बसवलं होतं त्याचे बोल्ट काढायला लागले. पहिला बोल्ट गंजला होता, निघेना. त्यांची बोटं सरकत होती. वीस वर्षं ज्या हातांनी हे काम केलं ते हात गेले, असं ते खरंच समजून बसले होते. लोक म्हणणार, म्हातारपणी पोटच्या पोरीचा डोळा घालवला. आणि मी दारात पदर चावत उभी.

मला तेव्हा धैर्य वगैरे काही आलं नाही. भीती तेवढीच होती. फक्त ते बघवेना.

"मामा, डबे मी एकत्र घासले होते."

पान्हा थांबला.

"काय?"

"दोन्ही डबे घमेल्यात एकदम ओतले होते. मग लहान डबा काठोकाठ भरला, आणि उरलेल्या मोठ्यात टाकल्या. कुठली कुठली ते मला माहीत नव्हतं."

"मी विचारलं होतं तुला."

"होय."

"तू होय म्हणालीस."

"होय."

"इथं बसवून मी तुला सगळं सांगितलं. तेव्हा तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"आणि रेंजवर?"

"तिथं बारा वेळा ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही."

त्यांनी पान्हा टेबलावर ठेवला, पायात वहाणा घातल्या आणि निघून गेले. परत आले, जेवले. पाण्याचा तांब्या मी पुढं केला तर त्यांनी तो घेतला नाही, उठून माठातलं पाणी स्वतः घेतलं. झालं, मी म्हटलं. आता अकरा वर्षं, नाहीतर जन्मभर.

मी बॅग भरायला काढली. वैजूताईला सांगायचं म्हणून तिच्या खाटेशी गेले, आणि तिलाही सगळं सांगून टाकलं. आता लपवायला राहिलं काय होतं? ती एका डोळ्यानं माझ्याकडं बघत पडून राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "तुला गोळीच घातली असती मी. पण ह्या डोळ्यानं नेम लागत नाही." आणि मग तोंड फिरवून रडली. मीही रडले. "बॅग ठेव परत," ती भिंतीकडं बघूनच म्हणाली. "गुरुवारी मला धरून कोण नेणार?"

गुरुवारी मीच नेलं. मामा दवाखान्यात एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापसानं पापण्या पुसल्या. वैजूताईनं डोळा उघडला, मिटला, परत उघडला. डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला सांगून भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. तिनं वरची ओळ वाचली. मग खालची, मग तिच्याखालची. शेवटच्या ओळीला अडखळली, ती म्हणे आधीही चष्म्याशिवाय यायची नाही. मामांनी खुर्चीच्या हाताला धरून ठेवलं होतं, ते सोडलं. पापणीवर एक वण तेवढा राहिला, तो अजून आहे.

घरी आल्यावर मी चूल पेटवायला गेले, आणि माजघरातून हाक आली.

"मालन."

ते मला सूनबाई म्हणायचे. नावानं कधी हाक मारली नव्हती. मी गेले. दाबयंत्राचा अर्धवट सोडलेला बोल्ट त्यांनी परत आवळला होता. स्टूल पुढं ओढलेलं होतं.

"रेंजवर तुला भीती वाटत होती?" त्यांनी विचारलं. माझ्याकडं न बघता.

"होय."

"केव्हा?"

"दर गोळीला."

"मला एकाही गोळीला वाटली नाही." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "पहिल्यांदा भरायला लागलो तेव्हा एकेक पुंगळी बघायचो मी, दोन-दोनदा. रात्री झोप यायची नाही, सकाळी उठून परत बघायचो. मग कधी तरी भीती गेली. मी समजलो, कसब आलं. आणि पाचातली एक बघायला लागलो." त्यांनी चष्मा परत लावला. "तू खोटं बोललीस ते मी विसरणार नाही. पण सगळ्या बघितल्या असत्या तर ती माझ्या बोटाला लागली असती. ती माझ्याच हातून गेली."

त्यांनी तार उचलून माझ्यापुढं ठेवली.

"आजपासून तार तू घालायची," मामा म्हणाले.

"मला नाही जमायचं ते. मला भीती वाटते हो."

"म्हणून तर सांगतोय. बस."

राहिलेली सगळी काडतुसं त्यांनी खोलून रिकामी केली होती. दोन्ही डब्यांतल्या मिळून चौसष्ट पुंगळ्या टेबलावर होत्या, तेवढ्याच होत्या आमच्याकडं. त्यांच्याशिवाय वैजूताईची रायफल म्हणजे नुसती काठी. मी एकेक उचलायची, तार घालायची, ओढायची. जरा कुठं खरखरलं की बाद. खरखरलं की नाही अशी शंका आली तरी बाद. तार घसरली आणि कळलं नाही, तर तीही बाद. दिवस कलेपर्यंत मी एकावन्न पुंगळ्या बाजूला टाकल्या.

मामांनी त्या आपल्याकडं ओढल्या आणि सावकाश एकेक तपासल्या.

"यातल्या निम्म्याअधिक चांगल्या आहेत," ते म्हणाले.

"असतील," मी म्हटलं. "पण मला सांगता येत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हातोडी घेतली, एक चांगली पुंगळी लोखंडावर आडवी धरली आणि ठोकून चपटी केली. मग दुसरी.

"दे पुढची," ते म्हणाले.